सॉफ्टवेअर परीक्षण

संगणकासाठी रचलेली आज्ञावली अपेक्षेप्रमाणे कार्य करते की नाही, हे ती निवडक परिस्थितींत चालवून तपासण्याच्या प्रक्रियेस सॉफ्टवेअर परीक्षण म्हणतात. परीक्षणाने दोषाचे अस्तित्व दाखविता येते. दोष मुळीच नाहीत, असे सिद्ध करता येत नाही. म्हणून परिस्थितींची निवड हाच गुणवत्ता-नियोजनाचा गाभा होय. परीक्षणाचा खर्च हिशेबात दिसतो, टळलेली हानी दिसत नाही. त्यामुळे काटकसरीची कात्री बहुधा प्रथम येथेच लागते.

एरियान-५ या यूरोपीय अग्निबाणाचे पहिले उड्डाण या दृष्टीने उद्‌बोधक आहे. ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गियानातील कुरू येथून निघालेला हा अग्निबाण सु. ४० सेकंदांत मार्गभ्रष्ट होऊन नष्ट झाला. त्यावरील क्लस्टर मोहिमेचे चारही उपग्रह गमावले. दिशा व गती मोजणाऱ्या जडत्वीय प्रणालीची आज्ञावली एरियान-४ वरून घेतलेली होती. नव्या अग्निबाणाचा क्षैतिज वेग अधिक असल्यामुळे तत्संबंधीची ६४ बिटांची संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात मावली नाही. राखीव संगणकातही तीच आज्ञावली असल्याने तोही बंद पडला. विशेष म्हणजे, दोष उत्पन्न करणाऱ्या गणनेची उड्डाणानंतर आवश्यकताच नव्हती. एरियान-५ च्या नियोजित मार्गाची आकडेवारी वापरून या प्रणालीचे परीक्षण झालेच नव्हते. अपघातानंतर जमिनीवर केलेल्या अनुरूपणात मात्र हीच घटनामालिका पुन्हा घडून आली. क्लस्टरचे उपग्रह नव्याने बांधून २००० साली रशियन सोयूझ अग्निबाणांनी सोडावे लागले.