दोष शेळीत की बोकडात?

गेल्या बकरी ईदच्या महिनाभर आधी आम्ही कामठी रस्त्यावरच्या एका चाचांच्या गोठ्यात गेलो होतो. बेरारी जातीच्या पंचवीस-तीस शेळ्या, दोन बोकड, दारात बाभळीच्या शेंगांचा ढीग. चाचा सांगत होते, आदल्या वर्षी निम्म्या शेळ्या गाभणच राहिल्या नाहीत. माजावर यायच्या, बोकड लागायचा आणि वीस-एकवीस दिवसांनी पुन्हा उलटायच्या. "मग काय केलंत?" आम्ही विचारले. "काय करणार बेटा, बोकड बदलला. एक शेळी उलटली तर तिच्यात काही असेल. दहा उलटल्या तर आधी बोकडाकडे बघायचं."

त्याच आठवड्यात मोमिनपुऱ्यातल्या एका ओळखीच्या घरी चहाला बसलो होतो. सुनेच्या निकाहला चार वर्षे झाली, मूल नाही. तिची फाईल आमच्यासमोर आली. तीन सोनोग्राफी, गर्भनलिकांचा एक्स-रे, रक्ताचे कितीतरी अहवाल, इंजेक्शनांच्या चिठ्ठ्या. ताजबागला मन्नत मागून झाली होती, एक तावीजही गळ्यात होता. मुलाची काय तपासणी झाली, असे विचारताच घर गप्प झाले. मग सासूबाई म्हणाल्या, "आमचा पोरगा धडधाकट आहे, त्याला काय झालंय?" चाचांना गोठ्यात जे कळते ते आपल्या घरात का कळू नये, हा प्रश्न घेऊन आम्ही परतलो.

जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये सांगितले की जगात साधारण सहापैकी एका प्रौढ व्यक्तीला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाला तोंड द्यावे लागते. अशा जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांमध्ये पुरुषाकडचे कारण असते, एकटे किंवा बायकोच्या कारणासोबत. तरीही फाईल बायकोचीच जाड होते.

गाठ कुठे आहे हे शोधायला डॉक्टर ज्या खुणा पाहतात, त्यांतल्या बऱ्याच खुणा म्हणजे प्रथिने. प्रथिन म्हटले की आपल्याला डाळ आणि अंडी आठवतात. पण शरीराचे पुष्कळसे निरोप प्रथिनांच्याच हातून जातात. घरोघरी माहीत असलेली खूण म्हणजे औषधाच्या दुकानात मिळणारी गर्भतपासणीची पट्टी. गर्भ रुजू लागला की त्याच्याभोवतीचा थर, म्हणजे पुढे ज्याची वार होते तो भाग, एचसीजी नावाचे प्रथिन तयार करतो. ते आईच्या रक्तातून लघवीत उतरते आणि पट्टीवर दुसरी रेघ उमटते. 1927 च्या सुमारास बर्लिनमध्ये आशहाइम आणि झोंडेक हे दोघे डॉक्टर हीच खूण पाहण्यासाठी बाईची लघवी उंदराच्या माद्यांना टोचत आणि काही दिवसांनी त्यांची अंडाशये तपासत. आज तेच काम पाच मिनिटांत न्हाणीघरात होते.

गायी-म्हशींना मात्र ही पट्टी चालत नाही, कारण त्यांच्या शरीरात एचसीजी तयारच होत नाही. त्यांच्या वारेतून वेगळी प्रथिने रक्तात येतात, त्यांना पीएजी म्हणतात. रेतनानंतर साधारण 28 दिवसांनी गायीच्या रक्तात, अगदी दुधातही ती ओळखता येतात. हात घालून तपासायचे तर डॉक्टर दीड-दोन महिने थांबायला सांगतात. मधला महिना वाचला तर किती फरक पडतो हे म्हैसवाल्याला विचारा. आपली नागपुरी म्हैस, ती लांब तलवारीसारख्या शिंगांची, विदर्भाच्या उन्हाळ्यात मुका माज दाखवते. म्हणजे माज येतो आणि जातो, मालकाला पत्ताच लागत नाही. दहा महिने पोटात वासरू वागवणारे जनावर त्यात आणखी चार महिने भाकड राहिले, तर घराचा हिशेबच बिघडतो. नागपुरात 1958 पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे आणि राज्याच्या पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालयही इथेच आहे. तिथले दार आपल्या गोठेवाल्यांनी अधिक वेळा ठोठवायला हवे, असे आम्हाला वाटते.

नराकडे आधी बघायचे, हे चाचांचे शास्त्र प्रयोगशाळेतही खरे ठरले आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात गॅरी किलियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 मध्ये होल्स्टिन वळूंच्या वीर्यातील द्रव तपासला. ज्या वळूंच्या रेतनाने गायी जास्त प्रमाणात गाभण राहत, त्यांच्या द्रवात दोन प्रथिने जास्त होती आणि ज्यांचा हिशेब कमी पडत होता त्यांच्यात दुसरी दोन. वळू दिसायला दणकट, शुक्राणूही पुरेसे, तरी फरक होताच. धडधाकट असणे आणि फलनक्षम असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. सासूबाईंना आम्ही हेच सांगितले, अर्थात वळूचे नाव न घेता.

माणसातही तसेच. पुरुषाची पहिली तपासणी स्वस्त आणि सोपी असते. दोन ते सात दिवसांचे अंतर ठेवून वीर्याचा नमुना द्यायचा. घरून न्यायचा तर तासाभरात प्रयोगशाळेत पोहोचवायचा. त्यात शुक्राणू कमी किंवा शून्य निघाले, तर पुढचा प्रश्न असा की ते तयारच होत नाहीत, की तयार होऊन वाटेत अडतात? इथे रक्तातली प्रथिने कामी येतात. मेंदूच्या तळाची ग्रंथी एफएसएच पाठवून वृषणाला काम सांगते आणि काम चालू असल्याची पावती वृषण इन्हिबिन-बी या प्रथिनाने देते. पावती येईना की वरून तगादा वाढतो, म्हणून एफएसएच चढलेले दिसले तर बहुधा कारखान्यातच अडचण असते. टोरांटोच्या संशोधकांनी 2013 मध्ये आणखी दोन खुणा दाखवल्या. टेक्स-101 हे प्रथिन वृषणातल्या पेशींतून येते आणि ईसीएम-1 पुढच्या नळीतून. वीर्यात त्यांचे प्रमाण पाहून, वृषणाचा तुकडा न काढता, अडथळा आहे की निर्मितीच बंद आहे याचा अंदाज बांधता येतो. मार्ग अडला असेल तर अनेकदा शस्त्रक्रियेने उपाय निघतो. म्हणूनच हा फरक वेळेवर कळायला हवा.

बायकांच्या अहवालात हल्ली एएमएच हा शब्द फार दिसतो. अंडाशयातल्या लहान पुटिका हे प्रथिन सोडतात, त्यावरून बीजांचा साठा किती उरला याचा अंदाज येतो. दुभत्या गायीकडून एका खेपेला किती भ्रूण मिळतील हे ठरवायलाही ते वापरतात. पण आकडा कमी आला म्हणून रडत घरी आलेल्या मुली आम्ही पाहिल्या आहेत. अमेरिकेत 2017 मध्ये 30 ते 44 वयाच्या साडेसातशे स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वंध्यत्वाचा इतिहास नसलेल्या या स्त्रियांमध्ये, एएमएच कमी असले तरी नैसर्गिकपणे दिवस जाण्याची शक्यता कमी झाली नव्हती. आकडा साठा सांगतो, बीजाचा दर्जा सांगत नाही. टेस्ट ट्यूब उपचारात इंजेक्शनचा डोस ठरवायला तो उपयोगी आहे. त्यावरून सुनेला वांझ ठरवणे हे अज्ञान आहे आणि जुलूमही.

प्रथिने नुसती खूण नसतात, त्यांच्यामुळे फलन वाढते किंवा थांबते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातल्या छोट्या गारोळ मेंढीतला एक जनुक आपल्या दख्खनी मेंढीत आणला. त्या जनुकाने अंडाशयातल्या एका प्रथिनाच्या साखळीतला एकच मणी बदलतो, पण तेवढ्याने मेंढी एकाऐवजी जुळी कोकरे देऊ लागते. ही जात आता 'नारी सुवर्णा' म्हणून ओळखली जाते.

थांबवण्याची गोष्ट मात्र आपल्या वस्त्यांत नीट समजून घ्यायला हवी, कारण तिच्या सावलीत अफवा वाढल्या. दिल्लीच्या राष्ट्रीय प्रतिरक्षा संस्थेचे संस्थापक संचालक डॉ. गुरसरन प्राण तलवार यांनी एचसीजीविरुद्ध लस तयार केली. एचसीजीचा एक भाग आणि मेंढीच्या संप्रेरकाचा एक भाग एकत्र करून तो धनुर्वाताच्या किंवा घटसर्पाच्या टॉक्सॉइडला जोडला, म्हणजे शरीर त्याला परका समजेल. 1994 मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. मुले असलेल्या 148 स्त्रियांनी स्वेच्छेने भाग घेतला होता. ज्यांच्यात प्रतिपिंडे पुरेशी होती, त्यांच्या 1224 मासिक चक्रांत एकच गर्भ राहिला. प्रतिपिंडे ओसरल्यावर पुन्हा दिवस जाऊ शकत. 'धनुर्वात' हा शब्द या प्रयोगात आला आणि पुढे जगात ठिकठिकाणी धनुर्वाताच्या सुईने मुले होत नाहीत अशी आवई उठली. दवाखान्यात गर्भवतीला मिळणाऱ्या धनुर्वाताच्या लसीत एचसीजी नसते. ती आई आणि नवजात बाळाला धनुर्वातापासून वाचवते. त्या अफवेपायी कुणी सुई टाळत असेल तर त्यांना हा खुलासा जरूर वाचून दाखवा.

शरीयतबद्दलही घरोघर विचारणा होते. इजिप्तचे तेव्हाचे मुफ्ती शेख जाद अल-हक यांनी 1980 मध्ये फतवा दिला, की निकाहात असलेल्या मियाँ-बीबीचेच बीज आणि शुक्राणू वापरले जात असतील तर प्रयोगशाळेतील फलन जायज आहे, तिसऱ्या व्यक्तीचे मात्र नाही. आपल्या घराचा निर्णय आपल्या विश्वासातल्या आलिमांना विचारून घ्यावा. निदान कारण शोधण्याची तपासणी तरी लाजेपायी लांबवू नये.

त्या घरी आम्ही पुन्हा गेलो तेव्हा मुलाने नमुना दिला होता. सासूबाईंनी आधी कुणाला सांगू नका म्हणून बजावले, मग स्वतःच अहवाल आणून दिला. शुक्राणू शून्य, एफएसएच मात्र सामान्य. डॉक्टरांचा संशय मार्गातल्या अडथळ्यावर आहे, पुढच्या तपासण्या लिहून दिल्या आहेत. सून स्वयंपाकघरातून चहा घेऊन आली, चार वर्षांची तिची फाईल कपाटावर होती. मुलाने स्वतःसाठी नवी फाईल आणली आहे, सध्या तिच्यात दोनच कागद आहेत.