फळीवरचा चढ

कोपरगावात चढ म्हणावा असा चढ नाही. राज्यातलं सर्वांत उंच शिखर, 1646 मीटरचं कळसूबाई, याच जिल्ह्यात. पण ते पार तिकडे अकोले तालुक्यात. इथे गोदाकाठची काळी सपाटी. स्टेशनातला जिना आणि नदीघाटाच्या पायऱ्या सोडल्या तर गुडघ्यांना कुरकुरायला कारण नाही. जमीन अशी सपाट म्हणूनच नांदूरमध्यमेश्वरहून निघालेल्या कालव्यांचं पाणी शेतोशेती पोचलं, पाण्यामागून ऊस आला, उसामागून कोळपेवाडी-सहजानंदनगरचे साखर कारखाने. तालुक्यातला सगळ्यात खडा चढही उसानंच आणला: फडात ट्रकला टेकवलेली फळी.

दिवसभर तोडणी झाली की भरणी. ट्रक येईल ती वेळ. कधी संध्याकाळी, कधी मध्यरात्री. तळाचे थर खालूनच भरता येतात. मग फळी लावतात, तिच्यावर पाय अडकायला आडव्या पट्ट्या ठोकलेल्या. वाढ्यानं आवळलेली मोळी दुसऱ्यानं उचलून चुंबळीवर ठेवायची. दोन्ही हात मोळीला, म्हणजे आधाराला काही नाही. मान ताठ, नजर समोर. पुढचं पाऊल पट्टी चाचपतं, सापडली की मगच मागचं सुटतं. मधोमध फळी लचकते. नवखा तिथे थांबतो. सरावलेला त्या झोक्यावरच पुढचं पाऊल उचलतो. फळीवर एका वेळी एकच माणूस, नाहीतर दोघांचे झोके एकमेकांत अडकतात. वर रचणारा मोळी ओढून घेतो आणि रिकामा माणूस उतरतो, ते मात्र जवळजवळ पळतच.

बीडकडच्या एका बाईंना विचारलं, "मावशी, पाय कुठं ठेवायचा ते दिसतं का?"

"खाली बघायचंच नाय. पायाला कळतंय," त्या म्हणाल्या आणि पुढच्या मोळीखाली वाकल्या.

मी आपला हिशेब मांडला. दहा टनांची गाडी आणि 25 किलोची मोळी धरली, तर 400 मोळ्या. प्रत्येक मोळी सरासरी दोन मीटर चढवायची, म्हणजे 800 मीटर. टोळीत दहाजण धरले तर माणशी 80 मीटर, साधारण पंचविसाव्या मजल्यापर्यंतचा जिना, डोक्यावर ओझं घेऊन. तेही सबंध दिवस कोयता चालवून झाल्यावर. मजुरी टनावर, कारखान्याच्या काट्यावर वजन मोजतात, उंची कोणी मोजत नाही. पहाटे दव पडलं की फळी निसरडी होते, तिचाही वेगळा दर नाही. हार्वेस्टर आला की ऊस थेट ट्रॉलीत पडतो आणि चढच संपतो, हे खरं. पण लहान तुकड्यात, ओल्या रानात ते यंत्र वळत नाही. तिथे फळीच.

म्हणून फडात गाडीची चौकशी आधी होते. ट्रॅक्टरची ट्रॉली बुटकी, बैलगाडी त्याहून बुटकी, ट्रक सगळ्यांत वाईट. मुकादमाचा फोन वाजला की कोयते थांबतात.

"ट्रक का ट्रॅक्टर?"

"ट्रक."

एकानं पाणी मागितलं, दुसऱ्यानं मुकादमाला खणखणीत शिवी घातली, आणि दोघं फळी आणायला गेले.