मुलांच्या खेळात ‘कच्चा लिंबू’ असतो, मग मोठ्यांनी भरवलेल्या स्पर्धेत का नसतो?

गल्लीत लगोरी नाहीतर डब्बा ऐसपैस रंगात आलेलं असतं. तेवढ्यात कुणाचा तरी पाच वर्षांचा भाऊ येतो आणि ‘मला पण घ्या’ म्हणून अडून बसतो. मोठी मुलं लगेच तोडगा काढतात. हा कच्चा लिंबू! म्हणजे तो सगळ्यांबरोबर पळणार, लपणार, ओरडणार, पण आउट झाला तरी त्याच्यावर राज्य येणार नाही. काही ठिकाणी यालाच लिंबूटिंबू म्हणतात.

हा नियम कुठल्या फेडरेशनने केलेला नाही, मुलांनीच केलाय. खेळ चालू राहिला पाहिजे आणि कुणी रडत घरी जाता कामा नये, एवढाच त्यांचा हिशोब.

पण तीच मुलं शाळेच्या टीममध्ये किंवा अकॅडमीत गेली की हिशोब बदलतो. लहान चणीचं, हळू पळणारं पोर आधी बाकावर जातं, मग हळूहळू मैदानावर यायचंच बंद होतं. हे कसं होतं आणि टाळायचं कसं, ते पाहू.

1009 धावांची मॅच, दुसऱ्या बाजूने

5 जानेवारी 2016. कल्याणमध्ये भंडारी कप या 16 वर्षांखालच्या शालेय स्पर्धेत के. सी. गांधी शाळेच्या प्रणव धनावडेने 327 चेंडूंत नाबाद 1009 धावा केल्या. 129 चौकार, 59 षटकार. इंग्लंडच्या ए. ई. जे. कॉलिन्सचा 1899 सालचा नाबाद 628 धावांचा विक्रम मोडला. रिक्षाचालकाच्या मुलाने केलेला हा पराक्रम जगभर गाजला आणि त्यात प्रणवची मेहनत होतीच.

आता त्याच मॅचचा उरलेला स्कोअरबोर्ड बघा. समोरची टीम पहिल्या डावात 31 धावांत ऑलआउट. मग के. सी. गांधीचा डाव 3 बाद 1465 वर घोषित. समोरची टीम दुसऱ्या डावात 52. निकाल काय, तर एक डाव आणि 1382 धावांनी विजय. त्या वेळच्या बातम्यांनुसार हरलेल्या टीममधली बरीच मुलं 12 वर्षांच्या आसपासची होती. मोठी मुलं परीक्षेमुळे आली नव्हती. म्हणजे या पोरांनी दोन दिवसांत जे केलं, ते मुख्यतः सीमारेषेबाहेरून बॉल आणण्याचं काम होतं.

प्रणवच्या वाट्यालाही पुढे सगळं सोपं आलं नाही. मुंबई क्रिकेट असोसिएशनने त्याला महिना 10 हजार रुपयांची शिष्यवृत्ती दिली. नंतर मनासारख्या धावा होईनात, तेव्हा 2017 मध्ये वडिलांनीच पत्र लिहून ती थांबवायला सांगितलं. एका शालेय मॅचने एका मुलावर केवढं ओझं टाकलं होतं, ते यातून दिसतं.

असं एकदाच घडलेलं नाही. 2019 मध्ये मुंबईच्या हॅरिस शील्डमध्ये एका शाळेने 761 धावा केल्या आणि समोरची टीम 7 धावांत आटोपली. दहाही फलंदाज शून्यावर आउट. त्या सात धावासुद्धा अवांतर होत्या.

लक्षात घ्या, या दोन्ही मॅचचा निकाल नियमात बसणारा होता. अडचण तीच आहे. ‘आता पुरे, टीम मिसळून खेळू’ असं म्हणणं हे तिथे कुणाचं कामच नव्हतं. गल्लीतल्या पोरांनी ते दहा मिनिटांत केलं असतं.

राजूरच्या पोराला किती मॅच मिळतात?

हे झालं मुंबई-कल्याणचं. आता विदर्भात येऊ. यवतमाळ जिल्ह्यातल्या वणी तालुक्यातलं राजूर घ्या. कोळसा खाणींमुळे लोक त्याला राजूर कॉलरी म्हणून ओळखतात. अशा गावात कोच म्हणजे बहुतेक वेळा शाळेतले पीटीचे सर, नाहीतर मंडळातला एखादा दादा. टर्फ, जिम यांचा प्रश्न पुढचा. आधी प्रश्न असा की मुलाला खेळायला मिळतं किती?

शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा पायऱ्यांनी होतात. 14, 17 आणि 19 वर्षांखालचे गट असतात आणि सामने सहसा बाद पद्धतीने होतात. समजा, तालुक्याच्या कबड्डी स्पर्धेत 16 शाळा आल्या. बाद पद्धतीत एकूण 15 मॅच होतात. त्यात 8 शाळा एकच मॅच खेळून घरी जातात. टीम 12 जणांची, मैदानात उतरतात 7. बदली खेळाडू उतरवलेच नाहीत, तर या 8 शाळांची मिळून 40 मुलं स्पर्धेला येऊन एकदाही न खेळता परततात. वर्षभर वाट बघितलेली असते, डबा बांधून आणलेला असतो आणि दुपारी बाराच्या आत सगळं संपतं.

आता हीच स्पर्धा थोडी बदलू. पहिली फेरी हरलेल्या 8 शाळांची वेगळी फेरी लावली, तर फक्त 7 मॅच वाढतात आणि प्रत्येक शाळेला किमान दोन मॅच मिळतात. चार-चार शाळांचे गट करून साखळी पद्धत लावली, तर प्रत्येकाला तीन मॅच. वेळ कमी पडत असेल तर डाव छोटे ठेवता येतात. यासाठी जास्तीचं मैदान किंवा मोठा निधी लागत नाही. वेळापत्रक बसवताना ‘विजेता कोण’ याबरोबर ‘किती जण खेळले’ हेही विचारावं लागतं.

मुलांना नेमकं काय आवडतं?

‘पोरांना जिंकायलाच आवडतं’ असं आपण धरून चालतो. अमेरिकेतल्या जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी फुटबॉल खेळणाऱ्या मुलांनाच विचारलं की खेळात मजा कशामुळे येते. 81 गोष्टींची यादी निघाली. 2014-15 मध्ये आलेल्या त्यांच्या निष्कर्षांत जीव तोडून खेळणं, टीममधल्या मुलांनी एकमेकांना सांभाळून घेणं आणि कोचचं चांगलं वागणं या गोष्टी वर होत्या. जिंकणं पहिल्या चाळिसातही नव्हतं.

याचा अर्थ मुलांना स्पर्धा नको असते असा नाही. चुरशीची मॅच त्यांनाही हवी असते. 1465 विरुद्ध 31 मध्ये चुरस कुणालाच मिळत नाही, जिंकणाऱ्यालाही नाही.

नॉर्वेने काय केलं?

नॉर्वेच्या क्रीडा महासंघाने मुलांच्या खेळासाठी 1987 मध्ये नियम केले आणि 2007 मध्ये मुलांचे खेळातले हक्क मान्य केले. तिथे मूल 11 वर्षांचं होईपर्यंत निकालांची यादी, गुणतक्ता किंवा क्रमवारी लावत नाहीत. 13 च्या आधी राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा नाही. मॅच होतात, गोल होतात, पोरं स्कोअर मोजतातच. फक्त मोठी माणसं त्याचा तक्ता करून भिंतीवर लावत नाहीत.

‘मग मेडल कसे येणार?’ हा प्रश्न येतोच. साधारण 55 लाख लोकसंख्येच्या या देशाने 2022 च्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये 16 सुवर्णांसह 37 पदकं घेतली. त्यामागे बर्फ, पैसा आणि गावोगावचे क्लबही आहेत. पण लहानपणी तक्ता न लावल्याने मोठेपणी पदकं जातात, ही भीती मात्र यातून खोटी ठरते.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर नागपूर आहे. हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी पावसात फुटक्या बादलीला लाथा मारत खेळणारी वस्तीतली मुलं पाहिली. 2001 मध्ये त्यातून झोपडपट्टी फुटबॉल म्हणजे स्लम सॉकर उभं राहिलं. ‘झुंड’ सिनेमा त्यांच्यावरच बेतलेला. मुलं आधीच मजेत खेळत होती. बारसे सरांनी त्या मजेला बॉल आणि मैदान दिलं. 2016 मध्ये या संस्थेला फिफाचा डायव्हर्सिटी अवॉर्ड मिळाला.

उद्यापासून काय करता येईल?

1. प्रत्येक मुलाला प्रत्येक मॅचमध्ये ठरावीक वेळ खेळवा. निदान 14 वर्षांखाली तरी.

2. ‘उशीर झाला? मैदानाला पाच चकरा मार’ हे बंद करा. पळणं ही शिक्षा असेल तर पळायची आवड लागणार कुठून?

3. यवतमाळचा उन्हाळा लक्षात घ्या. उन्हाळी शिबिर सकाळी लवकर उरका. पाणी प्यायला परवानगी मागावी लागू नये.

4. मुलींना विचारून वेळ ठरवा. अंधाराच्या आत घरी पोचणं, कपडे बदलायला जागा, स्वच्छ शौचालय, पाळीच्या दिवसांत न बोलता मिळणारी सूट. यातलं एक जरी नसलं तरी आठवी-नववीतली मुलगी खेळ सोडते आणि आपण म्हणतो तिला आवड नव्हती.

5. एकाच खेळाला फार लवकर जुंपू नका. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीचा सल्ला आहे की 15-16 वर्षांपर्यंत मुलांनी वेगवेगळे खेळ खेळावेत आणि आठवड्यात एक-दोन दिवस पूर्ण सुट्टी घ्यावी. तोवर कबड्डी, खो-खो, क्रिकेट सगळं चालू द्या.

6. वयचोरी करू नका. 16 वर्षांचा मुलगा 14 च्या गटात घातला, तर खऱ्या 14 वर्षांच्या एका मुलाची जागा जाते.

7. आई-बाबांनी मॅचच्या वेळी बाहेरून ओरडून कोचिंग करू नये. सर एक सांगतात, बाबा दुसरं, आणि पोर मधल्या मध्ये गोंधळतं.

आणि काम चांगलं चाललंय का, हे तपासायला ट्रॉफीच्या कपाटाबरोबर हजेरीचं रजिस्टरही उघडा. जूनमध्ये तीस मुलं आली होती. फेब्रुवारीत त्यातली किती मैदानावर आहेत? पंचवीस असतील, तर सर, तुमचं काम उत्तम चाललंय. आठच उरली असतील, तर बाकीच्या बावीस जणांच्या घरी एकदा जाऊन या. खेळ का सोडला, ते तीच सांगतील.