ऑटोमॅटिक गाडी मध्येच एका गिअरमध्ये अडकते? आधी वायर तपासा, मग गिअरबॉक्स

हायवेवर अचानक डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि ऑटोमॅटिक गाडी एकाच गिअरमध्ये अडकते. बंद करून पुन्हा सुरू केली की सगळं ठीक! गॅरेजमध्ये नेईपर्यंत दोष गायब. मग सल्ला मिळतो, 'गिअरबॉक्सच बदला.' पण जरा थांबा.

नेमकं काय होतं?
टॉर्क कन्व्हर्टर गिअरबॉक्समध्ये सोलेनॉइड नावाचे विजेवर चालणारे व्हॉल्व्ह तेलाचा दाब वळवून गिअर बदलतात. कधी बदलायचा, हे कंट्रोल मॉड्यूल स्पीड सेन्सरच्या सिग्नलवरून ठरवतं. सिग्नल तुटला, की गिअरबॉक्स वाचवण्यासाठी ते 'लिंप मोड'मध्ये जातं.

दोष कसा शोधायचा?
१. स्कॅनरवरचे कोड पुसण्याआधी लिहून घ्या. पी०७०० एवढंच सांगतो की गिअरबॉक्समध्ये गडबड आहे. पी०७१८ म्हणजे इनपुट स्पीड सेन्सरचा सिग्नल अधूनमधून तुटतोय.
२. बॅटरी आणि अर्थिंग तपासा. व्होल्टेज पडलं तरी खोटे कोड येतात.
३. स्कॅनरवर लाइव्ह डेटा लावून वायरिंग आणि कनेक्टर हलवा. आकडा उडाला, तर दोष तिथेच आहे. पिनवर गंज किंवा तेल दिसतंय का, तेही पाहा.
४. थंड असताना काहीच सापडलं नाही, तर गाडी फिरवून गरम झाल्यावर पुन्हा मोजा. काही वायर आणि कॉइल तापल्यावरच दगा देतात.

लक्षात ठेवा, कोड सेन्सरचा आला म्हणजे सेन्सरच खराब असं नाही. त्याची वायरही तुटलेली असू शकते. त्यामुळे मोठ्या खर्चाला 'हो' म्हणण्याआधी एकच प्रश्न विचारा : वायरिंग तपासलं का?