चौतीस सेकंदांत एक जिल्हा

लकवा मारतो तेव्हा मेंदूत नेमकं किती संपतं? अमेरिकेतले मेंदूतज्ज्ञ जेफ्री सेव्हर यांनी 2006 मध्ये हा हिशेब मांडला. गुठळीने मोठी रक्तवाहिनी बंद झाली, की मिनिटाला सरासरी 19 लाख चेतापेशी मरतात. 2011 च्या जनगणनेत गडचिरोली जिल्ह्यात 10,72,942 माणसं होती. माणशी एक पेशी धरली तर अख्खा जिल्हा 34 सेकंदांत संपला. चंद्रपूर त्यात मिळवला तरी पावणेदोन मिनिटं पुरतात.

आता लकव्याचा रुग्ण घेऊन गडचिरोलीतल्या भामरागडहून उपचारासाठी नागपूरला निघा. साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास रस्ता. पर्लकोटा नदीला पूर नसला तरी सात तास धरा. सात तासांत 80 कोटी पेशी! सेव्हर यांच्याच हिशेबात, उपचाराविना गेलेला प्रत्येक तास मेंदूला 3.6 वर्षांनी म्हातारा करतो. म्हणजे घरून निघालेला पन्नाशीचा मेंदू नागपुरात पोचेतो पंचाहत्तरीचा.

आणि एवढ्या लांबवर येऊन पुढचं सगळं घडतं ते जेमतेम तीन मिलिमीटरच्या वाहिनीत. जांघेतून नळी वर नेतात, गुठळीत तारेची जाळी उघडतात आणि गुठळीसकट ओढून काढतात. 2015 मध्ये पाच मोठ्या चाचण्यांनी या उपचाराचा फायदा दाखवून दिला. पण ओढताना जाळी भिंतीला घासते. वाहिनीचं आतलं अस्तर फक्त एका पेशीच्या जाडीचं. ते खरवडलं गेलं तर तिथेच नवी गुठळी धरू शकते. अँजिओग्राफीत रक्ताची वाट मोकळी झालेली दिसते, भिंतीची जखम दिसत नाही. त्यासाठी खास पद्धतीचा एमआरआय लागतो. औषध टोचल्यावर दुखावलेली भिंत त्यात उजळते. त्याहून बारीक नजर ओसीटी या तपासणीची. वाहिनीच्या आतून प्रकाश टाकून ती सुमारे 10 मायक्रॉनपर्यंतचं दाखवते, म्हणजे केसाच्या जाडीचा साधारण सातवा हिस्सा. हृदयात ती केव्हाच रुळली. मेंदूच्या नागमोडी वाहिन्यांत मात्र तिची ताठ नळी वळत नव्हती. लवचिक नळ्या आता कुठे येताहेत. साडेतीनशे किलोमीटरवरून आणलेल्या माणसाची उघडलेली वाहिनी पुन्हा बंद पडू नये, म्हणून ही नजर मला फार मोलाची वाटते.

पण तिथवर पोचतात किती? गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेच्या संशोधकांनी 2011 ते 2013 या दोन वर्षांत 86 गावांतले मृत्यू तपासले. एकूण 1,599. त्यातले 229 लकव्याने. दुसऱ्या कुठल्याही एका कारणाने इतकी माणसं गेली नव्हती. या 229 पैकी 200 जणांनी घरीच प्राण सोडला.