पंपात खडे नसतात, बुडबुडे असतात!

पंप डब्यात खडे हलवल्यासारखा वाजू लागला, की पाना घेऊन तो खोलायची घाई करू नका. आत बहुतेकदा खडा नसतोच. इम्पेलरच्या, म्हणजे पंपातल्या फिरत्या चाकाच्या, तोंडाशी दाब इतका उतरतो की तिथे थंड पाणीही उकळतं. वाफेचे बुडबुडे पुढे जास्त दाबात शिरतात आणि क्षणात मिटतात; तो मार धातूवर बसतो. हेच कॅव्हिटेशन. दुर्लक्ष केलंत तर इम्पेलरला खड्डे पडतात.

सातपाटीच्या बाजारात दिसणाऱ्या कोळंबीची एक दूरची नातलग हेच शस्त्र म्हणून वापरते. पिस्तूल कोळंबी नांगी मिटते, पाण्याचा वेगवान झोत सुटतो, बुडबुडा तयार होतो आणि फुटतो. ‘टक्’ हा आवाज नांगीचा नसून बुडबुड्याचा, हे 2000 साली कळलं. त्यानेच समोरचं भक्ष्य बधिर होतं!

आता डहाणू-घोलवडच्या चिकूच्या वाड्या. मे महिन्यात विहिरीचं पाणी खाली जातं आणि काठावरचा मोनोब्लॉक कुरकुरू लागतो. बिघाड पंपात नाही, उंचीत आहे. पंप पाणी ‘ओढतो’ असं आपण म्हणतो, पण पाणी वर ढकलते ती हवा, आणि तिची ताकद सुमारे 10 मीटरला संपते. प्रत्यक्षात 6-7 मीटर मिळाले तरी भरपूर. म्हणून पंप पाण्याच्या जवळ उतरवा, सक्शनचा पाइप जाड आणि आखूड ठेवा, फूट व्हॉल्व्हची जाळी साफ करा. सक्शनच्या एखाद्या सांध्यातून पंप हवा धरत असेल तर पाण्याचा टिपूससुद्धा बाहेर दिसणार नाही. हवा मात्र आत जात राहील.

द्रव तापला की हे गणित आणखी कडक होतं. पाणी 90 अंशांवर असेल तर त्या 10 मीटरमधले जेमतेम 3 उरतात. 100 अंशांवर शून्य! परदेशात घरच्या घरी बिअर करणारे हौशी लोक इथेच अडकतात. (आपल्याकडे 1949च्या दारूबंदी कायद्यामुळे परवान्याशिवाय हा छंद करता येत नाही.) माल्टचा उकळता रस त्यांना छोट्या पंपाने फिरवायचा असतो, आणि पंप ठेवलेला असतो भांड्याच्याच पातळीला. तो खडखडणारच. पंप भांड्याच्या बराच खाली ठेवायचा, आधी नळीतली हवा काढायची आणि धार कमी करायची असेल तर डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह आवळायचा. सक्शनचा कधीच नाही! नेहमी होणारी चूक हीच.

गंमत म्हणजे त्यांचा तो छोटा पंप, म्हणजे मॅग्नेटिक ड्राइव्ह पंप, बोईसर-तारापूरच्या रासायनिक कारखान्यांना चांगलाच ओळखीचा. मोटार आणि इम्पेलर यांच्यामध्ये शाफ्ट नाही, फक्त चुंबक. म्हणून सील नाही, म्हणून सीलमधून आम्ल गळण्याची भीती नाही. पण आतलं बुश द्रवावरच थंड राहतं. पंप कोरडा चालवला तर ते आधी किंचाळतं, मग तडकतं. आणि भार पेलेनासा झाला की चुंबकांची पकड सुटते: मोटार जोरात, इम्पेलर जागच्या जागी, आवाज थरथरता. बंद करून पुन्हा सुरू केलं की पकड परत जमते.

तापलेल्या द्रवाचंच मोठं रूप पाहायचं तर तारापूरच्या अणुवीज केंद्राकडे बघा. 1969 पासूनच्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांची रचनाच पाणी मुद्दाम उकळू देणारी आहे. नंतरच्या 3 आणि 4 क्रमांकांच्या भट्ट्यांत उलट: जड पाणी 300 अंशांच्या आसपास तापतं, तरी वातावरणाच्या सुमारे 100 पट दाबाखाली ठेवल्यामुळे द्रवच राहतं आणि पंपांना फिरवता येतं. चुलीवरच्या भांड्याखाली पंप सरकवणं आणि हे, दोन्हींचं तत्त्व एकच: सक्शनला दाब द्या.

बोर्डीत चिकूची वाईन बनते, तेव्हा आंबलेल्या रसाचंही सांगायला हवं. त्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. पंपाने जोरात खेचलं की वायू सुटतो, आणि रस गार असूनही पंप फसफसत अडखळतो. अशा वेळी वेग कमी करा.

सगळेच आवाज बुडबुड्यांचे नसतात. वेगाबरोबर चढणारी शिट्टी किंवा घरघर म्हणजे बेरिंग. सिंगल फेज मोटार नुसती गुणगुणते, फिरत नाही, तर आधी कपॅसिटर तपासा. आणि थ्री फेजच्या वायरी नुकत्याच बदलल्या असतील तर फिरण्याची दिशा बघा: सेंट्रिफ्युगल पंप उलटा फिरूनही पाणी पुढेच ढकलतो, फक्त कमी आणि गोंगाट करत. दोन फेजच्या वायरींची अदलाबदल केली की काम झालं.