फळ्यासमोर एकटा विद्यार्थी

महाविद्यालयांच्या वर्गांतून सध्या एक विधी नेमाने पार पडत असतो. पाचसहा विद्यार्थ्यांचा गट फळ्यासमोर येतो. पडद्यावर इंग्रजी वाक्ये उमटतात. एक जण ती वाचून दाखवतो, दुसरा संगणकाची कळ दाबतो, उरलेले हात बांधून उभे राहतात. अखेरीस ‘काही प्रश्न?’ असे विचारले जाते आणि आदल्या दिवशी ठरवून दिलेला प्रश्न मागच्या बाकावरचा मित्र इमानाने विचारतो. टाळ्या वाजतात व अंतर्गत मूल्यमापनाच्या रकान्यात सर्वांना सारखेच गुण पडतात. या प्रकाराला सादरीकरण असे भारदस्त नाव मिळाले आहे. नावाबद्दल कोणाची तक्रार असण्याचे कारण नाही. पण एका विद्यार्थ्याने एकट्याने निबंध वाचावा आणि त्याबद्दलच्या प्रश्नांना एकट्यानेच उत्तरे द्यावीत ही रीत मागे पडून तिच्या जागी गट आला, या अदलाबदलीत काय गमावले त्याचा हिशेब मात्र कोणी मांडलेला दिसत नाही.

गटाची पद्धत केवळ शिक्षकांच्या आळसातून आली असे म्हणणे अन्यायाचे होईल. तिच्यामागे साधे गणित आहे. चार श्रेयांकांच्या विषयाला सत्रात ६० तास मिळतात. वर्गात १२० विद्यार्थी असले आणि प्रत्येकाला १५ मिनिटे द्यावयाची म्हटली, तर ३० तास, म्हणजे निम्मे सत्र, तेथेच खर्ची पडते. सहासहा जणांचे २० गट केले की तेच काम ५ तासांत उरकते. मॅन्कर ओल्सन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने सामूहिक कृतीविषयीच्या आपल्या १९६५ मधील ग्रंथात असे दाखवून दिले की, फळ सर्वांच्या वाट्याला सारखेच येणार असेल तर गटातील व्यवहारी माणसाला स्वतः झीज सोसण्याचे कारण उरत नाही. आणि गट जितका मोठा तितकी ही प्रवृत्ती बळावते. पाठ्यपुस्तकातील ‘फुकट्या प्रवाशा’चा हा सिद्धांत शिकणारे विद्यार्थी त्याच आठवड्यात त्याचे प्रात्यक्षिकही करून दाखवतात, एवढाच काय तो गटपद्धतीचा शैक्षणिक लाभ!

एकट्याने बोलण्याचा फायदा विचारला की बहुतेक जण सभाधीटपणाकडे बोट दाखवतात. तो येतोही, पण तो दुय्यम आहे, आणि वक्तृत्वस्पर्धांतूनही मिळू शकतो. खरा लाभ निराळा आहे. वाचलेले समजले आहे असे वाटणे आणि ते समजलेले असणे यांतील अंतर विद्यार्थ्याला एरवी कधी दिसतच नाही. परीक्षेत ते झाकता येते, कारण उत्तरपत्रिका उलटून प्रश्न विचारीत नाही. वर्ग विचारतो.

एखादी विद्यार्थिनी भाववाढीवर बोलते आहे असे समजा. दोन वर्षांत भाववाढीचा दर ६ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आला असे आकडे घेऊन, त्यावरून ग्राहकाला स्वस्ताई लाभली असा निष्कर्ष तिने मांडला. हा निष्कर्ष तिने कोठेतरी वाचलेला नाही; आकडे पाहून तो तिला आपोआप सुचला. मागून कोणी विचारतो, ‘मग घरी डाळीचे पैसे वाढलेच कसे?’ प्रश्न भाबडा आहे, पण तिला तेथल्या तेथे खडू हाती घेणे भाग पडते. पहिल्या वर्षी १०० रुपयांच्या वस्तू १०६ रुपयांना झाल्या. दुसऱ्या वर्षी दर ४ टक्क्यांवर उतरला, तरी त्याच वस्तूंना ११० रुपये २४ पैसे मोजावे लागले. दर उतरला, भाव चढतच राहिले. हा फरक क्रमिक पुस्तकात असतोच, तिने तो वाचलेलाही असतो. परंतु आपल्याच तोंडून निघालेले वाक्य चाळीस जणांसमोर मागे घ्यावे लागते, तेव्हा तो कायमचा स्वतःचा होतो. गटात असती तर हा प्रश्न ‘तुझ्या भागातला’ म्हणून शेजाऱ्याकडे ढकलता आला असता.

एका विद्यार्थ्याच्या निबंधवाचनाचे याहून मोठे उदाहरण महाराष्ट्राला परके नाही. बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेलेल्या भीमराव आंबेडकरांनी ९ मे १९१६ रोजी डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चावर्गात भारतातील जातींवर निबंध वाचला. वय २५ वर्षांचे. मूळ अभ्यास अर्थशास्त्राचा. म्हणजे विषय एका परीने परक्या शाखेतला. निबंधाची रचना आजच्या विद्यार्थ्याने मुद्दाम पाहावी अशी आहे. सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि श्रीधर व्यंकटेश केतकर अशा चौघांनी केलेल्या जातीच्या व्याख्या आधी समोर ठेवल्या जातात. मग प्रत्येकीत काय उणे आहे ते सांगितले जाते. पुढे ज्ञानकोशकार म्हणून ख्यातनाम झालेले केतकर स्वतः कॉर्नेल विद्यापीठात शिकलेले. त्यांचे जातिसंस्थेच्या इतिहासावरील इंग्रजी पुस्तक १९०९ मधले. जात ही एकटी नसून जातींच्या व्यवस्थेचा भाग आहे हे ओळखल्याचे श्रेय आंबेडकर त्यांना देतात. पण जन्माने मिळणारे सदस्यत्व आणि जातीबाहेर विवाहाची बंदी ही जी दोन लक्षणे केतकरांनी वेगळी सांगितली, ती एकाच नाण्याच्या दोन बाजू असल्याचेही दाखवून देतात. त्यानंतरच स्वतःचे प्रतिपादन येते: जातीचे मर्म जातीअंतर्गत विवाहात आहे. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह यांचा उलगडा ते विवाहयोग्य स्त्री-पुरुषांच्या संख्येचा मेळ राखण्याच्या गरजेतून करतात. या हिशेबी मांडणीत अर्थशास्त्राचा विद्यार्थी लपत नाही.

शेवटी, आपली उपपत्ती निराधार ठरली तर ती सोडून देण्याची तयारीही त्यांनी नमूद केली आहे. याला कोणी औपचारिक विनय म्हणेल. परंतु समोर प्रश्न विचारणारे बसले आहेत हे ठाऊक असलेल्या माणसाचे ते वाक्य आहे. निबंध पुढे मे १९१७ मध्ये ‘इंडियन अँटिक्वरी’त छापून आला. वर्गात वाचावयाच्या निबंधाला इतकी पूर्वतयारी करावयाची, हीच गोष्ट आज नवलाची वाटावी.

अर्थात ऐकणाऱ्यांचीही काही लायकी लागते. दुसऱ्याच वाक्याला अडवून स्वतःचे व्याख्यान सुरू करणारा प्राध्यापक आणि हजेरीपट भरीत ‘ठीक, पुढचा’ म्हणणारा प्राध्यापक, हे दोघेही सारखेच नुकसान करतात. आंबेडकरांचा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा ग्रंथ १९२३ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाला, त्याला त्यांचे प्राध्यापक एडविन कॅनन यांनी प्रस्तावना लिहिली आणि त्या प्रस्तावनेतच ग्रंथातील बऱ्याच टीकेशी आपण सहमत नसल्याचे सांगितले. विद्यार्थ्याशी जाहीर मतभेद नोंदवूनही त्याच्या पाठीशी उभे राहणे आपल्या विद्यापीठांत किती जणांना जमते, हा प्रश्न जरा अडचणीचाच आहे.

आता पुन्हा वेळेकडे. प्रत्येक विद्यार्थ्याने प्रत्येक विषयात बोललेच पाहिजे हा हट्ट सोडला, तर गणित बदलते. वर्षाला सहा विषय आणि १२० विद्यार्थी धरले व प्रत्येकाने वर्षातून एकदाच, एकाच विषयात, एकट्याने निबंध वाचावयाचा असे ठरवले, तर एका विषयाच्या वाट्याला २० विद्यार्थी येतात. प्रत्येकाला अर्धा तास, त्यातील निम्मा वेळ प्रश्नांसाठी, असे धरूनही ६० पैकी १० तास लागतात. तेवढे काढता येतील. तीन वर्षांच्या पदवीत प्रत्येकाच्या पदरी तीन निबंध पडतील, आणि ते त्याचे स्वतःचे असतील.

भाषेचा प्रश्न मात्र वेळापत्रकाने सुटणारा नाही. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी विचार मराठीत करतो, आणि सादरीकरण इंग्रजीतच शोभते अशा समजुतीने परक्याची वाक्ये पाठ करतो. अलीकडे ती वाक्ये संगणकच तयार करून देतो, त्यामुळे तेवढाही अभ्यास उरलेला नाही. अशा विद्यार्थ्याला मराठीत बोलू दिले की त्याला काय कळले आणि काय कळले नाही ते दोन मिनिटांत उघड होते. ज्या महाविद्यालयांत उत्तरपत्रिका मराठीत लिहिण्याची मुभा आहे, तेथे बोलण्याला ती का नसावी हे समजत नाही.

आणखी एक अडचण पैशाची आहे. राज्यात अनेक ठिकाणी रिक्त जागांवर तासिका तत्त्वावरचे शिक्षक काम करतात. त्यांना वर्गात घेतलेल्या तासाचे मानधन मिळते. निबंधासाठी कोणते वाचन करावे, कोणता भाग गाळावा, हे विद्यार्थ्याला सांगण्यात जो वेळ जातो तो कोणत्याच तासिकेत बसत नाही. वीस विद्यार्थ्यांना प्रत्येकी एक तास म्हटले तरी एका विषयामागे वीस तासांचे काम होते, आणि त्याचे देयक कोणत्या नमुन्यात भरावयाचे हे आज कोणत्याही प्राचार्यांना सांगता येणार नाही.